विनंती थांबा

"डोळे मिटा. आता कपाळ सैल सोडा," अस्मा मॅडम म्हणाल्या.

मी डोळे मिटले. कपाळ सैल कसं सोडायचं ते मात्र कळेना. कपाळ म्हणजे काही परकराची नाडी नव्हे, ओढली की सुटली.

"आता डोळे. आता जबडा. दातांवर दात नकोत. मान... उजवा खांदा..."

धर्मादाय दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर सतरंज्या टाकून आम्ही अकरा जण उताणे पडलो होतो. सगळेच दुखणेकरी. कुणाची पाठ, कुणाची मान, कुणाचं सगळंच. शेजारचे निवृत्त मास्तर जबड्यापर्यंतच पोचले आणि घोरायला लागले. मला त्यांचा मनापासून हेवा वाटला.

"ताई, हातात काय आहे?" अस्मा मॅडमचा आवाज कानाजवळ आला.

"काही नाही."

"मग मूठ कशाला?"

डोळे उघडून बघते तर माझा डावा हात कोपरापासून वर उभा आणि मूठ घट्ट आवळलेली. माझं मलाच हसू आलं. "दांडी धरलीय," मी म्हणाले. "एस.टी.त कंडक्टर आहे मी. अंग आडवं झालं, पण ते अजून गाडीतच उभं आहे."

त्या हसल्या नाहीत. पंचविशीची पोरगी, मिरजेकडच्या शिकलगारांची, फिजिओथेरपी शिकून नुकतीच इथे लागलेली. तिने माझ्या मुठीचं एकेक बोट सोडवलं आणि तळवा सतरंजीवर टेकवला. किती दिवसांत माझ्या हाताला कुणाचा हात लागला नव्हता. लागत होते ते सुटे पैसे देताघेतानाचे. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पापण्या मिटून आतच ठेवलं.

याला आता तेरा वर्षं झाली. तेव्हा ते दुखणं तीन वर्षांचं जुनं होतं. सकाळी उठावं तर रात्रभर कुणी बडवल्यासारखं अंग. थकवा असा की वेणी घालताना अर्ध्यावर हात खाली यायचे. रक्त झालं, लघवी झाली, एक्स-रे झाले, सगळं नॉर्मल. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी एक नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. गाडीच्या पाटीवर मावणार नाही एवढं लांब. "जिवाला धोका नाही," ते म्हणाले, "पण पूर्ण जाईल असंही सांगत नाही. गोळ्या घ्या, रोज थोडं चाला आणि अंग सैल सोडायला शिका. दर मंगळवारी वर वर्ग असतो."

नॉर्मल रिपोर्टासारखा वैरी नाही. तो आला की लोक तुमच्याकडे बघायचे थांबतात. आगारात कुजबुज होती की शालन शेवाळेला हलकी ड्यूटी पाहिजे, म्हणून नाटक चाललंय. माझ्या वहिनीने तर तोंडावर विचारलं होतं, "चालताय, बोलताय, दोन भाकरी खाताय. मग दुकतंय तरी कुटं?"

मला हलकी ड्यूटी नको होती. मला माझी मयूरी परत पाहिजे होती.

मयूरी माझी मुलगी. तेव्हा दहा वर्षांची, चौथीत. तिचा बाप एस.टी.त मेकॅनिक होता. तो तापाने गेला आणि अनुकंपावर मला कंडक्टरची नोकरी मिळाली. भाड्याच्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. ड्यूटीवरून आले की मी खाटेवर पडायची आणि ती पोर मला चहा करून द्यायची. दिवाळीच्या आधी कुकर उतरवताना तिचा हात भाजला. ती ओरडली. मी उठायला बघत होते आणि अंग उठत नव्हतं. शेजारची बाई धावत आली तोवर मी नुसती "अगं पाणी ओत, पाणी ओत" म्हणत पडून होते. त्याच आठवड्यात मी तिला चिंचफाट्याला माझ्या भावाकडे नेऊन ठेवलं.

"जूनपर्यंत," मी तिला सांगितलं. "पाचवीला तू माझ्याकडे."

उत्तमदादाने मला बाजूला घेतलं. "जूनपातूर धड झालीस तर खुशाल ने. पर न्हाई झालीस तर सारखी शाळा बदलायची न्हाई पोरीची. मग धाव्वीपातूर हितंच."

त्याचं काही चुकत नव्हतं. म्हणून मी दर मंगळवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, ते तीन जिने चढत होते.

चिंचफाटा माझ्याच रूटवर होता. शनिवारी मयूरीची सकाळची शाळा असायची. शाळा सुटली की ती फाट्यावर चिंचेखाली येऊन उभी राहायची आणि अकरा चाळीसला माझी गाडी यायची. अर्धं मिनिट. मी खाली उतरायची, तिच्या हातात चिक्की नाहीतर तिकिटाच्या मशीनमधल्या कागदाची रिकामी नळकांडी ठेवायची. त्या नळकांड्यांची तिने माळ केली होती म्हणे. मग मी चढायची आणि दोन घंट्या द्यायची. एका घंटीला गाडी थांबते, दोन घंट्यांना सुटते, हे तिला चालायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

माघातल्या एका शनिवारी गाडी भरलेली होती आणि फाट्यावर थांबली नाही. त्यानंतर मयूरी तिथे उभी राहिली नाही. वहिनीचा फोनवर निरोप आला, "उन्हानं डोस्कं दुकतंय म्हनती."

मंगळवारामागून मंगळवार जात होते आणि मास्तर घोरत होते. माझा हात आता खाली राहायला शिकला होता, पण डोकं कुठचं राहायला. कपाळ म्हटलं की मला उद्याचा डबा आठवायचा, मान म्हटली की रॉकेल.

"हे आपल्याला जमण्यातलं नाही," मी एकदा वर्ग संपल्यावर म्हणाले. "तुम्ही कशाला माझ्यामागे वेळ घालवता?"

"तुम्हाला काय तोंडपाठ आहे?" अस्मा मॅडमनी विचारलं.

"म्हणजे?"

"झोपेतून उठवलं तरी न चुकता म्हणाल असं काय आहे?"

"माझा रूट," मी म्हणाले. "बसस्थानक, कोर्ट, मार्केट यार्ड..."

"मग तोच घ्या. कपाळ म्हणजे बसस्थानक. प्रत्येक जागी गाडी थांबवा आणि माणसं उतरवा. घाईने ढकलू नका, त्यांची पिशव्या-बोचकी घेऊन सावकाश उतरू द्या. शेवटच्या गावाला पोचाल तेव्हा गाडी रिकामी असली पाहिजे."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवरून आल्यावर दार लोटून मी खाटेवर आडवी झाले आणि करून बघितलं. बसस्थानकावर, म्हणजे कपाळावर, एक घंटी. कॉलेजची पोरं उतरली. कोर्टापाशी डोळ्यांतून काळे कोट उतरले. मार्केट यार्डात जबड्यातून हमाल उतरले. ते तर बरीच वर्षं तिथे ठाण मांडून बसले असणार. वाघजाईला मान, पवारमळ्याला उजवा खांदा, हिंगणवाडीला डावा. करत करत शेवटच्या भैरेवाडीला गाडी पोचली तेव्हा माझी पावलं बाहेरच्या बाजूला कलंडली होती. आपल्या पायांना वजन असतं हे मला कित्येक वर्षांनी कळलं.

दुखणं गेलं नाही, हे आधीच सांगते. ते होतंच. पण उभ्याने धक्के देणाऱ्या प्रवाशाला बसायला जागा मिळाली की तो जसा जरा शांत होतो, तसं ते झालं. मी वीस मिनिटांनी उठले आणि माझ्यापुरता भात टाकला. मग अस्मा मॅडमनी आणखी एक गोष्ट शिकवली, दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं. भैरेवाडीला गाडी दहा मिनिटं थांबायची, तेव्हा मी चहाच्या टपरीवर उभ्याने गप्पा मारायची ते सोडलं आणि मागच्या सीटवर डोळे मिटून पडू लागले. लोक काय म्हणायचे ते म्हणाले. चैत्र लागेपर्यंत मी आठवड्यातले चार दिवस स्वयंपाक करत होते. मयूरीची पांघरुणं धुऊन ठेवली. भिंतीला खिळा मारून तिच्या दप्तराची जागा केली.

फक्त छातीवरचं ओझं हलत नव्हतं. श्वास वरच्या वर अडकायचा. अस्मा मॅडमनी ते बरोबर हेरलं.

"आज मोठ्याने म्हणा तुमचा रूट," त्या म्हणाल्या. वर्ग संपला होता आणि बाकीचे सतरंज्या गुंडाळून गेले होते.

मी पडल्या पडल्या सगळा रूट म्हटला. पोटाला घाटमाथा, कंबरेला काळेवस्ती, मांड्यांना खडकी, गुडघ्यांना दूध डेअरी, पावलांना भैरेवाडी.

"छाती कुठे गेली?"

"म्हणजे?"

"मी बारा जागा शिकवल्यात. तुमचे थांबे अकराच झाले. डाव्या खांद्यावरून तुम्ही एकदम पोटावर आलात."

"हिंगणवाडीनंतर घाटमाथाच येतो."

"मध्ये काहीच नाही?"

"एक विनंती थांबा आहे," मी म्हणाले. "चिंचफाटा. तिथे कुणी हात केला तरच थांबायचं असतं."

मयूरीचं मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांनी आपलं सहज विचारलं, "मग तिथे कुणी हात करत नाही का?"

मी उठून बसले. पिशवी घेतली, चपला शोधल्या. "गाडी भरलेली होती," मी म्हणाले.

"कुठली गाडी?"

उत्तर द्यायला मी थांबले नाही. तीन जिने उतरून रस्त्यावर आले तेव्हा लक्षात आलं, दोन्ही पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. एक माझी, एक अस्मा मॅडमची.

त्या शनिवारी मी रजा टाकली आणि माझ्याच गाडीत प्रवासी म्हणून बसले. गाडीवर खरमाटे भाऊ होते. वर्षभर ते माझे ड्रायव्हर, मान वळवून क्वचितच बोलणारे. मी त्यांच्या मागच्याच सीटवर बसले होते. हिंगणवाडी सुटल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "येक बोलू का शालनताई?"

"बोला की."

"त्या टायमाला म्या ब्रेकवर पाय ठेवला हुता. पोरगी लांबूनच दिसली हुती मला."

मी पुढची दांडी घट्ट धरली.

"मग तुमची डबल आली," ते म्हणाले. "म्हनलं, आसंल कायतरी."

फाट्यावर त्यांनी न सांगता गाडी थांबवली. मी उतरले. चिंचेखाली कुणी नव्हतं.

मयूरी मामाच्या घरी पायरीवर बसून शेंगा फोडत होती. उंच झाली होती. वहिनीने चहा दिला, "बसा, मी पानी घिऊन येती," म्हणाली आणि कळशी घेऊन गेली. तेवढी समज होती तिला.

"आज ड्यूटी नाही?" मयूरीने विचारलं.

"रजा टाकली."

"दुखतंय म्हणून?"

"नाही. तुला भेटायला."

तिने आणखी एक शेंग फोडली. दाणे सुपात, टरफल पायाशी. मी खिळ्याचं सांगितलं, धुतलेल्या पांघरुणांचं सांगितलं, आता चार-चार दिवस स्वयंपाक जमतो म्हणून सांगितलं. ती ऐकत होती. मोठ्या माणसाने परक्या माणसाचं ऐकावं तसं.

"मयू, फाट्यावर का येत नाहीस?"

"ऊन लागतं."

"त्या शनिवारी गाडी..."

"भरलेली होती. मामा बोलला मला."

दादाच्या घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की हे असंच राहू द्यायचं. एवढ्याशा गोष्टीने काय होतंय, जूनमध्ये ती येईल, मग सगळं विसरेल. पण छातीवर ते ओझं होतंच, आणि ते घेऊन तिला खोलीवर नेणं मला जमलं नसतं.

"भरलेली नव्हती," मी म्हणाले.

तिचे हात थांबले.

"मला माहितेय," ती म्हणाली. "मागं सीटा मोकळ्या होत्या. तू दारात होतीस. मी हात केला, तू माझ्याकडे बघितलंस आणि मग दोरी ओढलीस. दोनदा."

म्हणजे दोन महिने ही पोर ते घेऊन बसली होती. मामा म्हणतो गाडी भरली होती, आणि ही मान डोलावतेय.

"त्या दिवशी सकाळपासून मला माझं अंग सोसत नव्हतं," मी म्हणाले. "कुणी हातात नाणं ठेवलं तरी दुखत होतं. तू लांबून दिसलीस आणि मला वाटलं, आता खाली उतरायचं, हसायचं, कशी आहेस विचारायचं, आणि मी बरी आहे म्हणायचं. तेवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं, मयू. अर्ध्या मिनिटाचंही नव्हतं. म्हणून ओढली."

तिने हातातली शेंग न फोडताच सुपात ठेवली.

"हसली नसतीस तरी चाललं असतं," ती म्हणाली.

नवरा गेला तेव्हा मला एकटं वाटलं होतं. आगारात कुणी बोलत नसे तेव्हा वाटलं होतं. पण त्या पायरीवर वाटलं तेवढं कधीच नाही. कारण इतके दिवस मी समजत होते की मला कुणी नाही, आणि ती उन्हात हात करून उभी होती. मी रडले, पदराने तोंड झाकून, आवाज न करता. तिने मला हात लावला नाही. उठूनही गेली नाही.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आत्ता दुखतंय?"

"हो."

"मग काय करतेस?"

"गाडी काढते," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. तिला जरा हसू आलं. तिने आतून घोंगडं आणून पडवीत अंथरलं.

"झोप," ती म्हणाली. "मी घंटी देते."

मी आडवी झाले. ती उशाशी मांडी घालून बसली. तिला सगळे थांबे पाठ होते. "बसस्थानक. टिंग. उतरा लवकर... नाही, सावकाश उतरा." कोर्ट झालं, मार्केट यार्ड झालं, वाघजाई, पवारमळा, हिंगणवाडी. मग ती गप्प झाली. मी डोळे मिटून वाट बघत होते. लांब कुणाच्या तरी गोठ्यात म्हैस ओरडत होती.

"चिंचफाटा," ती म्हणाली. "टिंग."

एकच.

"थांबली?" तिने विचारलं.

"थांबली."

"मग उतर ना."

मी उतरले. श्वास आत गेला तो पार तळापर्यंत. एवढा खोल गेला की मला भीती वाटली.

जूनमध्ये मयूरी आली नाही. तिने स्वतःच मामाला सांगितलं की मला इथेच शिकायचंय. इथे मैत्रिणी आहेत, आणि आईला रोज जमणार नाही. कुणाचं चुकलं म्हणून भांडायलाही जागा ठेवली नाही तिने. मी खिळा काढला नाही, त्याला माझीच पिशवी अडकवली. शेजारची बाई म्हणाली, "बरं झालं, तुम्हाला आराम." मी हो म्हणाले.

पण शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच शनिवारी ती चिंचेखाली उभी होती. पुढे दहावीपर्यंत, परीक्षा आणि आजारपण सोडलं तर, एकही शनिवार चुकला नाही. काही शनिवारी मी उतरून हसले. काही शनिवारी अंगात त्राण नसायचं, तेव्हा नुसती उतरून तिच्यासमोर उभी राहिले. ती दोन्ही वेळा तेवढाच वेळ थांबायची.

आता ती पुण्यात नर्सिंगला आहे. रविवारी तिचा फोन येतो, आणि तिची ड्यूटी लागली की येत नाही. मी चौकशीच्या खिडकीत बसते, कारण उभ्याची नोकरी पुढे झेपली नाही. अस्मा मॅडम लग्न होऊन गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली. दुखणं माझ्याजवळच आहे, खोली तीच आहे, आणि दुपारी घरी आल्यावर दार लोटून मी गाडी काढते. कॉलेजची पोरं उतरतात, वकील उतरतात, हमाल उतरतात.

हिंगणवाडी सुटली की मी आपण होऊन एक घंटी देते. फाट्यावर कुणी नसतं. खाली उतरते, चिंचेखाली अर्धं मिनिट उभी राहते आणि मगच दोन देते.